फोनवर आलेली क्लिप आणि दादीअम्मांचा प्रश्न

जुलै २०२३ मधली गोष्ट. पाऊस लांबला होता आणि टेंभुर्णीत ज्याच्या-त्याच्या तोंडी सोयाबीन आणि कपाशी हाच विषय होता. १७ तारखेच्या रात्री मात्र विषय बदलला. ‘लोकशाही मराठी’ या वृत्तवाहिनीने भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांची म्हणून एक आक्षेपार्ह चित्रफीत बातमीत दाखवली, आणि इशाची नमाज आटोपून माणसे घरी पोहोचतात न पोहोचतात तोच ती फोनाफोनांत शिरली. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आली. या ग्रुपमध्ये टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजा आणि पार जळगावपर्यंतचे साठेक लोक आहेत. रिश्त्याची चौकशी, जनाज्याची वेळ, ईदच्या मुबारकबाद्या, शेतमालाचे भाव, सगळे तिथेच चालते. क्लिप पाठवणारे आमचे एक चाचा. वय साठीचे, पाच वक्तांचे नमाजी. क्लिपच्या खाली त्यांनी हसरे चेहरे टाकले होते.

घरातला तो फोन त्या वेळी आमच्या सातवीतल्या भाचीच्या हातात होता. तिच्या शाळेचा अभ्यास त्याच फोनवर येतो.

व्हायचा तो आरडाओरडा झाला. फोन काढून घेतला, चाचांना खडसावले. चाचा काही मागे हटेनात. म्हणाले, “मी काय घरात बसून बनवली का ती? टीव्हीवर दाखवतायत. रोज दुसऱ्यांचे घोटाळे बाहेर काढायचा हा माणूस, आज त्याचंच बाहेर आलं. लोकांना कळू नये का?” खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघा-तिघांना हे पटले. सोमय्यांनी ज्यांच्यावर आरोप केले त्यांत काही मुस्लिम नेतेही होते, त्यामुळे ग्रुपवर एक प्रकारची खुशी होती. ती आम्ही लपवत नाही.

दादीअम्मा कोपऱ्यात तसबीह घेऊन बसल्या होत्या. क्लिप त्यांनी पाहिली नव्हती, पाहणारही नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, “पलीकडे बाई कोण होती?”

कोणालाच माहीत नव्हते. बातमीत नाव नव्हते आणि चेहराही नव्हता. दादीअम्मा म्हणाल्या, “मग तिच्या घरी आज रात्री कोणी जेवलं नसेल.”

दादीअम्मा जळगावच्या. त्यांचे माहेर तिथले, आणि १९९४ साली त्यांच्या दोन भाच्या तिथे लग्नाच्या होत्या. ज्यांचे वय आज चाळिशीच्या आत आहे त्यांना त्या वर्षाबद्दल फारसे ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. जळगावात मुलींना आणि बायकांना फूस लावून किंवा जबरदस्तीने नेले जात असे, त्यांचे फोटो काढले जात आणि मग त्याच फोटोंच्या धाकावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले जाई. आरोपींत स्थानिक राजकारणातली माणसे होती, एक नगरसेवकही होता. अरविंद इनामदार आणि मीरां चड्ढा-बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्यांनी तपास हाती घेतला. तेव्हा मोबाइल नव्हता, व्हॉट्सॲप नव्हते. होता तो साधा कॅमेरा आणि कागदावर छापलेला फोटो. तरीही शहर हादरले.

पुढे काय झाले? तक्रार द्यायला फार थोड्या जणी पुढे आल्या. खटले वर्षानुवर्षे चालले आणि बरेच आरोपी शेवटी सुटले. मुली मात्र सुटल्या नाहीत, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्याही सुटल्या नाहीत. जळगावची मुलगी म्हटले की समोरचे लोक गप्प होत. दादीअम्मांच्या एका भाचीचा ठरलेला रिश्ता त्या वर्षी मोडला. कारण कोणी सांगितले नाही. तिचे लग्न नंतर झाले, मुलेबाळे झाली, सगळे ठीक आहे. पण तीस वर्षांनीही दादीअम्मांच्या तोंडी पहिला प्रश्न पुढाऱ्याविषयी येत नाही, तो त्या बाईविषयी येतो.

त्या रात्रीनंतर आम्ही ठरवून अशी जुनी-नवी प्रकरणे आठवत गेलो. प्रत्येक ठिकाणी दादीअम्मांचा प्रश्न लावून पाहिला, आणि हिशेब सगळीकडे सारखाच निघाला.

१९७८ साली संरक्षणमंत्री जगजीवन राम यांचे पुत्र सुरेश राम यांचे एका तरुणीबरोबरचे खासगी फोटो ‘सूर्या’ या मासिकाने छापले. मासिकाच्या संपादक होत्या मेनका गांधी. वडिलांची पंतप्रधानपदाची संधी त्या फोटोंमुळे हुकली असे आजही म्हटले जाते. म्हणजे मुलाच्या खोलीतले फोटो वडिलांच्या खुर्चीसाठी वापरले गेले. पण तेव्हा ते पाहायला मासिक विकत घ्यावे लागे. आमच्या भागात किती जणांनी ते पाहिले असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. आज मासिक लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. न मागता वस्तू घरात येते.

आता सीमाभागाकडे या. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी कर्नाटकच्या विधानसभेत सहकारमंत्री लक्ष्मण सवदी मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहत असताना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात सापडले. सवदी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे. त्यांच्यासह तीन मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी राजीनामे द्यावे लागले. देशभर छी-थू झाली. २०१९ मध्ये तेच सवदी कर्नाटकचे उपमुख्यमंत्री झाले, आणि तेही २०१८ ची निवडणूक हरलेले असताना. त्याच जिल्ह्यातले गोकाकचे रमेश जारकीहोळी यांनी मार्च २०२१ मध्ये एका सीडीवरून मंत्रिपद सोडले. आरोप त्यांनी नाकारले, तपास पथकाने पुढे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, आणि २०२३ मध्ये गोकाकच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरवणे आमचे काम नाही. आम्हाला दिसले ते एवढेच, की पुढारी दोन-चार वर्षांत परत येतो. सीडीतली ती मुलगी कुठे परत आली, हे कोणी विचारत नाही.

हासनचे प्रकरण सर्वांत भयंकर. तिथे खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या हजारो चित्रफिती असलेले पेन ड्राइव्ह एप्रिल २०२४ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, सार्वजनिक ठिकाणी टाकून देण्यात आले. बसस्थानकावर, बागेत, सापडेल त्याने उचलावेत म्हणून. बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते. त्यांत घरकाम करणाऱ्या होत्या, पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या, काम घेऊन खासदाराच्या दारी आलेल्या होत्या. कित्येकींनी घर सोडले. माणूस जर्मनीला निघून गेला, ३१ मे रोजी परतला तेव्हा विमानतळावर अटक झाली, आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी एका घरकामगार महिलेवरील बलात्काराच्या खटल्यात न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली. ती महिला साक्षीवर ठाम राहिली.

इथे चाचांचा मुद्दा पुन्हा उभा राहतो, आणि तो तसा खोटा नाही. चित्रफिती बाहेर आल्या नसत्या तर हा माणूस तुरुंगात गेला असता का? कदाचित नसता गेला. पुरावा हवाच. पण पुरावा पोलिसांकडे देता येतो, महिला आयोगाकडे देता येतो, न्यायालयात देता येतो. बसस्थानकावर टाकणाऱ्याला पुरावा द्यायचा नव्हता, त्याला मते फोडायची होती. त्या बायकांवर पहिला अत्याचार बंद खोलीत झाला आणि दुसरा अख्ख्या जिल्ह्याने मिळून केला. त्या दुसऱ्या अत्याचारासाठी कोणाला जन्मठेप होत नाही, कारण त्यात आपल्या चाचांसारखे हजारो लोक असतात, हसरे चेहरे टाकणारे.

पेन ड्राइव्ह हा शब्द आपल्या विधिमंडळालाही नवा नाही. सोमय्यांची बातमी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेत विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी पेन ड्राइव्ह सादर केला. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चौकशीचे आश्वासन दिले. सोमय्यांनी आपण कोणत्याही महिलेवर अत्याचार केलेला नाही असे सांगून स्वतःच चौकशीची मागणी केली. सप्टेंबरमध्ये त्या वाहिनीच्या संपादकावर गुन्हा दाखल झाला आणि वाहिनीला ७२ तास प्रक्षेपण बंद ठेवण्याचा आदेश आला. एवढ्या सगळ्यात सभागृह होते, सरकार होते, पोलीस होते, वाहिनी होती. चित्रफीत मुळात कोणी चोरली, कोणाजवळ किती दिवस पडून होती, आणि तिच्या जोरावर कोणाकडून काय वसूल केले गेले, हे प्रश्न मात्र आमच्या ग्रुपवर तरी कोणी विचारले नाहीत. पुढाऱ्याची अशी क्लिप कोणाच्या कपाटात असेल तर तो पुढारी मत देताना, सही करताना, टेंडर काढताना कोणाचे ऐकेल? जनतेचे की कपाटवाल्याचे? आमच्या मते जनतेने विचारावा असा प्रश्न हा आहे.

आता आपल्या मराठवाड्यातले. १२ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांनी फेसबुकवर लिहून कबूल केले की एका महिलेशी २००३ पासून आपले परस्पर संमतीने संबंध आहेत आणि त्यांतून दोन मुले आहेत. त्याच महिलेच्या बहिणीने त्यांच्यावर बलात्काराची तक्रार केली होती, तिच्या उत्तरादाखल हे लिहिले गेले. तक्रार काही दिवसांत मागे घेतली गेली आणि मंत्रिपद टिकले. आमच्या गावात तेव्हा महिनाभर चर्चा चालली, विनोद झाले. मुलांची नावे चार लोकांच्या तोंडी झाली; त्या लेकरांनी कोणाचे काय बिघडवले होते?

आणि मग मार्च २०२५ उजाडला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अमानुष मारहाण करून हत्या झाली होती. मारणाऱ्यांनी स्वतःच मोबाइलवर शूटिंग केले होते. आरोपपत्रातले ते फोटो ३ मार्चला बाहेर आले. मुख्य आरोपी वाल्मीक कराड हा मुंडे यांचा निकटवर्ती. मुंडे स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत, आणि राजीनाम्याचे कारण म्हणून त्यांनी प्रकृतीचा उल्लेख केला. पण फोटो आले त्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा झाला, हे सर्वांनी पाहिले. म्हणजे २०२१ मध्ये आपण जी चर्चा महिनाभर चवीने केली ती चुकीच्या दाराशी उभे राहून केली. विचारायचे होते ते वेगळेच होते. जिल्हा कोण चालवतो? खंडणी कोण गोळा करतो? त्या चार वर्षांत हे विचारणारे मेसेज आमच्या ग्रुपवर किती आले? आम्ही मागे जाऊन शोधले. एकही सापडला नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी दोन प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका प्रसंगात ते रात्री गस्तीवर असताना एका घराच्या भिंतीवरून आत डोकावतात आणि आतला माणूस शराब पीत असलेला पाहतात. तो माणूस म्हणतो, माझा गुन्हा एक, तुमचे तीन: तुम्ही टेहळणी केलीत, दारातून आला नाहीत, सलाम केला नाहीत. आणि खलिफा माघारी फिरतात. दुसऱ्या प्रसंगात भर सभेत एक माणूस उठून विचारतो, वाटणीचे कापड सर्वांना सारखे मिळाले असताना तुमचा अंगरखा एवढा लांब कसा? खलिफा रागावत नाहीत. मुलगा उठून सांगतो की मी माझा वाटा वडिलांना दिला. तेव्हा कुठे तो माणूस खाली बसतो.

हे दोन प्रसंग आम्हाला आजवर वेगवेगळे वाटत. दादीअम्मांनी ते त्या रात्री शेजारी-शेजारी ठेवले. खोलीत डोकावायचे नाही, कापडाचा हिशेब सोडायचा नाही. सूरह हुजुरातमध्ये फासिकाने आणलेल्या बातमीची आधी खातरजमा करायला सांगितले आहे, आणि पुढे टेहळणीला व गीबतीलाही मनाई आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याची सजा ऐंशी कोडे आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर बोहतान रचले गेले त्याच्याशी त्या सूरहच्या आयती जोडलेल्या आहेत, आणि त्या वेळी ते बोहतान पसरवणाऱ्यांत काही भले मुसलमानही सापडले होते, हे आपण विसरतो. त्यांनीही बहुधा ‘जे ऐकले ते सांगितले’ असेच म्हटले असेल. मात्र ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला उघडपणे बोलण्याची मुभा सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. म्हणून हासनच्या त्या घरकामगार महिलेचे बोलणे हा तिचा हक्क आहे. त्याला कोणी गीबत म्हणू नये आणि ‘झाकून ठेव’ असा सल्ला कोणी तिच्यासारखीला देऊ नये. आपल्या घरांत असे सल्ले फार दिले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग पुढाऱ्यांचे काहीच पाठवायचे नाही का? असे कोण म्हणते! आमचे जवळजवळ पाव शतक खासदार राहिलेले रावसाहेब दानवे यांच्या दोन क्लिप आमच्या सर्वांच्या फोनवर होत्या. मे २०१७ मध्ये, तुरीच्या खरेदीवरून शेतकरी बेजार असताना, जालन्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत त्यांनी शेतकऱ्यांसाठी अपशब्द वापरला. पुढे दिलगिरी व्यक्त केली. ती क्लिप आम्ही पाठवली होती आणि आजही पाठवू. तूर आमची होती. दुसरी नोव्हेंबर २०२४ ची: फोटो काढताना चौकटीत येणाऱ्या कार्यकर्त्याला ते लाथेने दूर करताना दिसतात. नंतर त्या कार्यकर्त्यानेच सांगितले की आमची तीस वर्षांची दोस्ती आहे, मी त्यांचा शर्ट नीट करत होतो. चार सेकंदांत तीस वर्षे दिसत नाहीत. तेव्हा उघड्यावरची क्लिपसुद्धा जरा थांबून पाहिलेली बरी. त्याच निवडणुकीत, २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या आदल्या रात्री, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून बिटकॉइनच्या ऑडिओ क्लिप फिरल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचे सांगून तक्रार केली आणि पडताळणी करणाऱ्यांनीही आवाज यंत्राने बनवलेला असल्याचे सांगितले. सकाळी मतदान होते. खुलासा किती जणांपर्यंत पोहोचला असेल?

यंत्राने आवाज बनतो, तसा चेहराही बनतो. इथे विषय मुंबई-बेंगळुरूहून आमच्या अंगणात येतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. आपल्या लेकी-सुना ग्रामपंचायतीला उभ्या राहू लागल्या आहेत, बॅनरवर फोटो लागू लागले आहेत. मागे आमच्या ओळखीतल्या एका शिकलेल्या मुलीने अर्ज भरायची तयारी केली होती. तिला कोणीतरी निरोप पाठवला, ‘फोटो आहे, बघून घे.’ कोणताही फोटो नव्हता. असला तरी बनवलेला असता. तिने अर्ज भरला नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले, तेव्हा आपण सगळे संतापलो होतो. त्या स्त्रियांनी फोटो स्वतःच्या खात्यावर टाकले होते, त्यांत काही गैर नव्हते. ज्या सवयीने ते फोटो हातोहात फिरले तीच सवय आपल्या ग्रुपमध्येही आहे, फक्त त्या वेळी बाई दुसऱ्याची असते.

कायद्याचे थोडे, कारण ‘मी फक्त पुढे पाठवली’ हा बचाव नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर पाठवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत, आणि ६७-अ नुसार उघड लैंगिक चित्रणासाठी ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ सांगते की स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असली तरी तिच्या संमतीशिवाय तो पसरवणे गुन्हाच आहे. ही गोष्ट आपल्या मुलींना माहीत नसते. त्यांना वाटते, फोटो मीच पाठवला म्हणजे चूक माझीच, आता बोलायला तोंड नाही. तोंड आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीची अशी तक्रार नाव न देताही करता येते, आणि १९३० हा मदतीचा क्रमांक आहे. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो अडवतात. सेवा १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे.

फोनमध्ये एक छोटी गोष्ट आम्ही त्याच रात्री केली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आलेले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे आणि गॅलरीत दिसणे बंद केले. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते घरातल्या मुलांनाच चांगले जमते.

चाचांनी दुसऱ्या दिवशी क्लिप ग्रुपमधून सर्वांसाठी काढून टाकली. तोवर ती किती जणांनी उतरवून ठेवली होती ते कळायला मार्ग नाही. ग्रुपवर त्यांनी काही लिहिले नाही, पण संध्याकाळी आले, दादीअम्मांजवळ बसले. भाचीने चहा आणून दिला. तिने क्लिप पाहिली होती की नाही, हे तिला आम्ही अजून विचारलेले नाही. दोनदा विचारायला गेलो आणि दुसरेच काही बोलून परत आलो.